टोमॅटोच्या पानातली मेंढी

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो की अजून पायरीपायरीवर अडून बसतो, आणि ताईचा चष्मा सापडला की तिने तो सापडायची वाट न पाहता दुसरा करून घेतला, हे दोन्ही सविस्तर कळवावं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. माझं वजन गेल्या वर्षीइतकंच, म्हणजे सदुसष्ट किलो दोनशे ग्रॅम, भरतं (हे आमच्या स्टोअररूममधल्या काट्यावर, घरचा काटा पाऊण किलो जास्त दाखवतो, म्हणून मी त्याला विचारत नाही).

गेल्या आठवड्यात तुमचा तीनदा फोन येऊन गेला. पहिल्या वेळी मी खरोखरच आंघोळीला गेलो होतो. उरलेल्या दोन वेळांबद्दल क्षमा असावी. "काय शास्त्रज्ञ, नाव कधी छापून येतंय?" हा तुमचा प्रश्न घरच्यांनी मला जसाच्या तसा, तुमच्या आवाजात सांगितला. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझा क्रम चुकतो. म्हणून लिहितो आहे. कृपा करून पहिल्या पानापासून वाचावं. पत्र शेवटून उघडायची तुमची सवय मला माहीत आहे.

आधी एक जुनी दुरुस्ती. चारचौघांत तुम्ही माझी ओळख "हा प्रयोगशाळेत बाटल्या धुतो" अशी करून देता. ती खोटी नाही, अपुरी आहे. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं काचसामान धुतो आहे, हे खरं. पण बाटली धुवायची तर आधी तिच्यात काय होतं ते माहीत पाहिजे, आणि ते माहीत करून घेता घेता माणसाला बरंच काही माहीत होऊन बसतं. बारावीला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा रसायनशास्त्राने मला उठवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्ही ते कुणाला विसरूही देत नाही). पण त्यानंतर लोकांनी टाकून दिलेली मॅन्युअलं, खोक्यांतून येणारी माहितीपत्रकं आणि एक डिक्शनरी, एवढ्या भांडवलावर मी जे शिकलो ते कमी नाही. आज आमच्याकडे कुठल्याही यंत्राने वेगळा आवाज काढला की मेकॅनिकच्या आधी मला हाक मारतात. मेकॅनिक आला तरी तो मलाच विचारतो. हे नोंदवून पुढे जातो.

आमच्याकडे एक मुलगी संशोधन करते. तिला सगळे "पीएच.डी." म्हणतात, प्रत्यक्षात ती मिळायला अजून दोन वर्षं आहेत. (तिची हरकत नाही. तिच्या आईची आहे. काम व्हायच्या आधी नाव मिरवू नये असं त्या बाईंचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं असं मला आता वाटतं.) टोमॅटोचं पाणी तोडलं तर त्याच्या पानात कोणती प्रथिनं वाढतात आणि कोणती घटतात, हा तिचा विषय. बारा कुंड्या होत्या. सहांना रोज पाणी, उरलेल्या नऊ दिवस कोरड्या. पानं तोडून गोठवून झाली, आणि पीएच.डी. जिन्यावरून घसरून उजवं मनगट मोडून बसली. इकडे मोठ्या मशीनची तारीख तोंडावर आलेली. हे मशीन दुसऱ्या संस्थेत आहे. ते प्रथिनांच्या तुकड्यांचं वजन करून ती प्रथिनं कोणती आणि कोणाची आहेत हे सांगतं, आणि त्याच्यापुढे नंबर लागायला महिनोन्‌महिने जातात. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख (त्यांना आम्ही नुसतं "बाई" म्हणतो) डोक्याला हात लावून म्हणाल्या, "आता हे करणार कोण?" मी तेव्हा त्यांच्याच खोलीत ट्यूबलाइट बदलत होतो. मी स्टुलावरूनच म्हणालो की मी करीन. बाई वर बघत राहिल्या. मग मी स्टार्टर फिरवता फिरवता सगळी कृती पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, मापांसकट. ट्यूब लागली. बाई म्हणाल्या, "नीट निघालं तर शोधनिबंधात तुमचं नाव घालू. चौथं."

दाजी, चोवीस वर्षांत त्या प्रयोगशाळेतून एकशे सहा निबंध छापून गेले. त्यातली प्रत्येक बाटली मी धुतली आहे. नाव एकातही नाही, आणि मी कधी मागितलंही नाही. त्या दिवशी मी स्टुलावरून उतरलो आणि थेट तुम्हाला फोन लावला. तो लावायला नको होता. संध्याकाळपर्यंत तुम्ही ती बातमी नात्यातल्या अठरा घरी पोहोचवलीत, आणि वाटेत कुठेतरी चौथ्याचं पहिलं झालं.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण पानं मिक्सरमधून काढली की झालं अशी तुमची समजूत असणार. पानात प्रथिनं असतात, पण त्या प्रथिनांना कातरून टाकणारे रेणूही त्याच पानात, वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडलेले असतात. पान नुसतं चुरगळलं की कप्पे फुटतात आणि हे मोकाट सुटून सगळ्याचा फडशा पाडतात. म्हणून पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर, खलात कुटायचं. म्हणजे कुणाला जागचं हलता येऊ नये. (हे उघड्या खिडकीशी करायचं असतं. बंद खोलीत हा नायट्रोजन वापरला तर माणूस कसलीही कुरकुर न करता आडवा होतो.) पूड पिठीसाखरेसारखी झाली पाहिजे. मी प्रत्येक नमुन्याला बत्त्याचे तीनशे फेरे दिले, मोजून. बारा नमुने, छत्तीसशे फेरे. मग पुडीत फेनॉल घालून घुसळायचं, यंत्रात गरगरा फिरवायचं, की दोन थर होतात. प्रथिनं वरच्या फेनॉलमध्ये आणि बराचसा केरकचरा खाली. वरचा थर खालच्याला धक्का न लावता उचलायचा. साय काढण्यासारखंच आहे, फक्त सायीने बोट भाजत नाही. त्यानंतर प्रथिनं फ्रीझरमध्ये तळाशी बसू द्यायची आणि तो साका थंडगार अ‍ॅसिटोनने धुवायचा, हिरवेपणा जाऊन पांढरा होईपर्यंत. कृतीत तीनदा धुवा असं लिहिलं होतं. मी पाचदा धुतला. धुण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

हे धुणं चार अंशांच्या थंड खोलीत चालतं. कुटायचं बाहेर, धुवायचं आत. दोन दिवसांत मी एकतीस वेळा आत-बाहेर केलं आणि दर वेळी अंगातला स्वेटर काढणं-घालणं परवडेना, म्हणून तो अंगातच ठेवला. स्वेटर म्हणजे तोच, राखाडी. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही लोकर आणलीत, ताईने विणला, आणि मी तो हातात घेतल्या घेतल्या चिमटीत धरून सांगितलं होतं की दुकानदाराने शुद्ध लोकर म्हणून तुमच्या गळ्यात नायलॉन मारलंय. ही माझी पारख होती. ताईने बाह्या चार बोटं लांब ठेवल्या होत्या, धुतल्यावर आटतील म्हणून. त्या आटल्या नाहीत, हा माझा दुसरा पुरावा. (खरी लोकर आटते, हे कुणीही सांगेल.) हे मी पुढे अकरा वर्षं, प्रत्येक भेटीत, निदान एकदा तरी बोलून दाखवलं. तुम्ही त्या दुकानदाराशी बोलणं सोडलंत. तो तुमच्या शाळेतला बाकावरचा सोबती होता, हे मला पुढे ताईकडून कळलं. तोपर्यंत माझं मत फार जणांना सांगून झालं होतं.

तर या लांब बाह्या प्रयोगशाळेच्या कोटाच्या बाहेर यायच्या. गार वारा आत शिरू नये म्हणून मी हातमोज्यांवर त्यांची नीट घडी घालून घेत असे, दोन्ही हातांना सारखी. काम इतकं देखणं झालं होतं म्हणता! बारा नळ्या, बारा पांढरे साके, प्रत्येकावर बारीक अक्षरात चिठ्ठी. पीएच.डी.ने प्लास्टर केलेला हात छातीशी धरून त्या बघितल्या आणि म्हणाली, "काका, माझे कधी इतके पांढरे निघाले नव्हते." मी मोठेपणाने नळ्या बर्फात ठेवायला घेतल्या.

आठव्या दिवशी मशीनवाल्या साहेबांचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण सगळ्यांनी ऐकावं अशी त्यांची इच्छा होती. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही पानं पाठवलीत की मेंढी?"

झालं असं की नळ्यांत टोमॅटो होता, पण अंग चोरून. पुढे बसलं होतं केराटिन. केराटिन म्हणजे केस, नखं, कातडी आणि लोकर ज्याची बनते ते प्रथिन. थोडं माणसाचं होतं. ते नेहमीच कुठून कुठून येतं आणि त्याला ही मंडळी फारशी भीत नाहीत. पण बाकीचं निखळ मेंढीचं, बाराच्या बारा नळ्यांत. पाणी पाजलेल्या टोमॅटोत मेंढी, तहानलेल्या टोमॅटोतही मेंढी. पीएच.डी.ने आशेने विचारलं की निदान दोन्हीकडे कमीजास्त तरी आहे का. साहेब म्हणाले, "नाही, माणूस फार व्यवस्थित दिसतो. सगळीकडे सारखी घातलीय."

मग ड्रायव्हर (नळ्यांची पेटी बर्फात घालून नेणारा तोच) दारातून म्हणाला, "मग आता निबंधात तुमच्या आधी मेंढीचं नाव लागणार का हो?" याला कुणी हसण्याचं कारण नव्हतं. बाईसुद्धा हसल्या.

त्यांनी नंतर मला एकट्याला बोलावून स्पष्ट सांगितलं. फ्रीझरमध्ये न कुटलेली पानं अजून एका खेपेपुरती शिल्लक आहेत. साहेबांनी मेहरबानीने दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी एक जागा दिली आहे. पण ही मेंढी कुठून आली ते आधी कळलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर ती पानं बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायची, प्रथिनं त्यांच्याकडून काढून घ्यायची आणि चौथं नाव तिकडच्या माणसाचं. "यात तुमच्यावर राग नाही," बाई म्हणाल्या, "पण पीएच.डी.ची दोन वर्षं त्या पानांत आहेत." हे मलाही पटत होतं, म्हणून जास्तच लागलं.

मी तपास हाती घेतला. वही केली, रकाने आखले. पहिला संशय ड्रायव्हरवर, कारण त्याची कानटोपी. मी ती मागून घेतली, आतून बाहेरून पाहिली. तो म्हणाला, "काका, पेटीला कुलूप तुम्ही लावलं होतं, किल्ली तुमच्या खिशात होती, मी काय टोपी कुलपातून आत घातली?" हे नोंदवलं. दुसरा संशय ऑफिसातल्या क्लार्कबाईंवर, त्यांना एसी सोसत नाही म्हणून त्या शाल घेऊन बसतात. मी शालीचा एक धागा मागितला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो रकाना मी रिकामाच सोडला. तिसरा माळी, ज्याने कुंड्या सांभाळल्या. मी त्याला विचारलं की गेल्या तीन महिन्यांत तुमचा एखाद्या मेंढीशी संबंध आला होता का. त्याने पाण्याची नळी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "संबंध म्हणजे?" मी प्रश्न मागे घेतला. चौथा संशय खुद्द बाईंवर होता, त्यांच्या खोलीतल्या गालिचामुळे, पण तो मी वहीत खुणेच्या अक्षरात लिहिला (आणि ती वही टेबलावर उघडी राहिली, त्यावर वेगळं पत्र होईल).

शुक्रवारी सकाळी पीएच.डी. थंड खोलीत आली. मी आत उभा राहून रकाने पुन्हा तपासत होतो. ती माझ्या बाह्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, हा स्वेटर कशाचा?"

मी म्हणालो, "नायलॉनचा."

"कशावरून?"

मी तिला सगळं सांगितलं. चिमटीची पारख, न आटलेल्या बाह्या, तुम्ही, तुमचा दुकानदार. तिने विचारलं की तुम्ही हा धुता कसा. मी सांगितलं की गार पाण्यात, हाताने, न पिळता, सावलीत आडवा वाळत घालून; चोवीस वर्षं धुण्याचंच काम करतो म्हटल्यावर कपडे काय पिळून आपटणार? ती म्हणाली, "मग लोकर असली तरी आटेल कशी?" दाजी, अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. तुम्हीसुद्धा.

मग ती मला बर्नरपाशी घेऊन गेली. चाचणी सोपी आहे. नायलॉनचा धागा आचेला धरला की वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. लोकर जळते, केस जळल्यासारखी घाण सुटते आणि राख बोटाने चुरते. तोपर्यंत ड्रायव्हर, क्लार्कबाई आणि माळी, म्हणजे माझ्या वहीतली सगळी मंडळी, आपापली कामं टाकून टेबलाभोवती जमली होती. मी माझ्या हाताने उजव्या बाहीतून दोन इंच धागा काढला, चिमट्यात धरला. (डाव्या हाताने पीएच.डी.ला जमलं असतं, पण म्हटलं चिमट्याचं काम आहे, आपण करावं.) मणी झाला नाही. वास मात्र असा सुटला की क्लार्कबाईंनी शाल नाकाला लावली. मी राख बोटाने चुरली. चुरली गेली. माळी म्हणाला, "काका, मला वाटतं तुमचा तिच्याशी अकरा वर्षं संबंध आहे."

बाई वास घेतच आल्या. त्यांनी राख बघितली, बाह्या बघितल्या, छत्तीसशे फेऱ्यांचा हिशोब मनात केला असावा, कारण जिथे बाही घासत होती त्या खलाच्या काठाकडेही बघितलं. "सापडली," एवढंच म्हणाल्या. मग गुरुवारचं काम माझ्याकडेच राहील असं म्हणाल्या. एकतर मेंढी शोधून दाखवली, आणि दुसरं, इतकं सारखं वाटप दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मी विचारलं, "आणि नाव?" बाई म्हणाल्या, "आधी टोमॅटोचं येऊ द्या."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. नातेवाइकांच्या अठरा घरी काय सांगायचं ते तुमच्यावर सोपवतो. तुम्ही ते नाहीतरी मला विचारून सांगत नाही. दुसरं, आणि हे मी ओळीच्या मधोमध लिहितो आहे म्हणून नजरेतून सुटू नये: तुम्ही आणलेली लोकर शुद्ध होती. हे माझं मत नाही. ते एका मशीनने बारा वेळा सांगितलं आहे, आणि त्या मशीनशी तुमची ओळखही नाही.

ताईला सप्रेम नमस्कार. गुडघ्याला शेक देताना पिशवीवर फडकं गुंडाळावं, नुसती ठेवू नये.

आपला,
मेहुणा

ता. क. हे पत्र ताईला वाचून दाखवताना बाह्यांचा भाग गाळावा. बाह्यांत तिची काहीही चूक नाही. चूक माझ्या धुण्याची आहे, त्याने त्या आटल्याच नाहीत.

ता. क. २. आता मूळ काम. त्या गुरुवारच्या आधीचे दोन दिवस मला त्या चार अंशांत पुन्हा उभं राहायचं आहे आणि प्राण्यापासून आलेलं काहीही अंगावर नको, अशी बाईंची सक्त ताकीद आहे. सुती चालणार नाही, कारण कापूसही झाडच, आणि झाडात झाड मिसळलं तर चोर पकडायचा कसा? (कापसाच्या धाग्यात प्रथिन जवळपास नसतंच असं पीएच.डी. म्हणते, पण "जवळपास" या शब्दावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.) म्हणून मला एक स्वेटर पाहिजे, नायलॉनचा, अगदी अस्सल, बाह्या बेताच्या, आणि त्या मंगळवारच्या आत इथे पोचेल असा. तयार मिळाला तरी चालेल, ताईला घाई करू नये. इकडच्या दुकानदारांचा मला भरवसा वाटत नाही. नायलॉन म्हणून भलतंच गळ्यात मारतील. तरी तो तुम्ही स्वतः जाऊन तुमच्या त्या शाळेतल्या सोबत्याच्या दुकानातून घ्यावा. वस्तूचं खरं नाव सांगून विकणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. हे त्याला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल. गुडघा दुखत असला तरी रिक्षाने जावं, पण जावंच.

ता. क. ३. माणसाचं जे थोडं केराटिन निघालं होतं, त्याचाही तपास पूर्ण झाला. मिशी काल काढली. चेहरा तुमच्या धाकट्या भावासारखा दिसतो असं घरात मत आहे. फोटो मागू नये.

ता. क. ४. पाकीट बंद करताना राहिलेलं. हे पत्र मी तोच राखाडी स्वेटर घालून लिहिलं आहे, टेबलाशी गार लागतं म्हणून. नायलॉनला एवढी ऊब नसते, हे मला दुसऱ्याच हिवाळ्यात कळलं होतं. पण तोवर मी ते इतक्या जणांना सांगून बसलो होतो की परत फिरायला तोंड नव्हतं. हे तेवढं दुकानदाराला सांगू नये. ताईला सांगितलंत तर चालेल.